मर्सिडीज व्हाया दारव्हा

जुन्या महिंद्रा जीपचं नाक उंच असतं ते गर्वानं नव्हे. १९५३ साली अमेरिकेतल्या विलीज कंपनीनं आपल्या जीपमध्ये ‘हरिकेन’ नावाचं नवं इंजिन बसवायचं ठरवलं. युद्धातल्या जीपचं ‘गो डेव्हिल’ इंजिन बुटकं होतं, कारण त्याचे सगळे व्हॉल्व्ह कुशीला, ब्लॉकमध्ये बसायचे. नव्या इंजिनात हवा आणि पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह डोक्यावर गेले, धूर बाहेर सोडणारे तेवढे खाली राहिले. ताकद साठ अश्वशक्तीवरून सत्तरच्या वर गेली, पण इंजिनाची उंचीही वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. तेव्हा कंपनीनं बॉनेटच वर उचललं. तीच ही सीजे-३बी. महिंद्रांनी आपल्याकडे ती पुढे कित्येक वर्षं बनवली आणि शौकीन मंडळी तिला ‘हाय हूड’ म्हणू लागली. सांगायचं ते हे, की आधी इंजिन आणि मग बाकीची गाडी, हा संस्कार या जीपवर कारखान्यातच झालेला आहे. मी फक्त परंपरा पुढे चालवली, असं घरी म्हणून पाहिलं. आमच्या घरात परंपरेबद्दल एकंदर अनास्था आहे.

जीप मूळची मामांची. मामांचं गाव दारव्हा तालुक्यात. त्यांच्या कोठ्यात बैलांच्या शेजारी ती उभी होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या, पुढच्या सीटवर सरकीच्या ढेपेची पोती असायची आणि इंजिन कधीचं जाम झालेलं होतं. मामांनी ती मला फुकटच दिली असती, पण त्यांनी तोंड उघडायच्या आत मी किंमत बोलून बसलो. मामा चांगले आहेत. भाच्याचा शब्द खाली पडू दिला नाही त्यांनी.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. टॉर्क, घर्षण, गिअरचं गुणोत्तर हे सगळं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे. ही माहिती इथे एवढ्यासाठीच देतो, की पुढच्या हकिगतीत तिचा कुठेही उपयोग झालेला दिसणार नाही.

जीप हवी कशाला, असा प्रश्न बायकोनं विचारला. मी टिपेश्वरचं नाव घेतलं. पांढरकवड्याकडच्या त्या अभयारण्याच्या सुन्ना गेटवर सकाळी जिप्सींची रांग लागते, आपण कायम दुसऱ्याच्या गाडीतून वाघ बघायचा का, वगैरे. अभयारण्यात खासगी जीप अशी मनाला येईल तशी घालता येत नाही, हे तिला माहीत होतं. खरं कारण स्टाफरूममध्ये होतं. रसायनशास्त्राच्या सरांनी काचेच्या छताची नवी गाडी घेतली होती आणि मी सगळ्यांसमोर त्यांना समजावून सांगितलं होतं, की दिसायला ती जंगली असली तरी ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना जाते, मागची दोन नुसती सोबतीला असतात. “चारही चाकं ओढतात ती गाडी वेगळी असते,” असं म्हणून मी डस्टर झटकला होता. आता तशी गाडी दाखवणं आलं.

आमच्या जीपला गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे आहेत. एक पुढचा आस जोडणारा, दुसरा वेग कमी करून ताकद वाढवणारा. मामांच्या कोठ्यात उभ्या गाडीत बसून मी दोन्ही दांडे ओढून पाहिले. खालून काहीतरी खट्‌ वाजलं. तो आवाज ऐकला आणि मी कुणाचं ऐकण्याच्या पलीकडे गेलो.

गाडी ओढून यवतमाळला आणली, आर्णी रोडवरच्या मिस्त्रीकडे लावली आणि मग सुरू झाला इंजिनाचा शोध. या जिल्ह्यात कापसाच्या भावावर जितकी मतं आहेत, त्याहून जास्त जीपच्या इंजिनावर आहेत. फरक एवढाच, की कापसावरची मतं ऐकून कुणी गाडी फाडत नाही.

मामांचं मत ठरलेलं. “ट्रॅक्टरचं टाक ना गा बापू. बी-दोनशे पंच्याहत्तर. मरत नाई थे.”

ऐकताना मला हे खेडवळ वाटलं, पण मामांच्या म्हणण्याला वंशावळ होती. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बी-२७५ ट्रॅक्टरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन १४४ घन इंचांचं, म्हणजे साधारण २,३५० सीसीचं. त्याच घराण्यातलं डिझेल महिंद्रांनी आपल्या जीपमध्येही घातलं होतं. पुढे ज्याला सगळा विदर्भ नुसतं ‘डीआय’ म्हणतो, त्या २,५२३ सीसीच्या इंजिनातही पिस्टनची धाव तीच, चार इंचांची. मिस्त्रीच्या भाषेत दोघं चुलतभाऊ. थोडक्यात, शेतातला आणि रस्त्यावरचा असा भेद आम्हा पांढरपेशांच्या डोक्यात होता, लोखंडाला तो कधी माहीत नव्हता.

पण मी गप्प बसलो नाही. खडू उचलला आणि मिस्त्रीच्या गॅरेजच्या दारावर गणित मांडलं. या जीपच्या आसाचं गुणोत्तर ५.३८. म्हणजे प्रोपेलर शाफ्ट पाच पूर्णांक अडतीस फेऱ्या मारतो तेव्हा चाक एक फेरी मारतं. चाकाचा घेर सव्वादोन मीटर. ट्रॅक्टरचं इंजिन मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेऱ्यांवर खूश असतं. टॉप गिअरमध्ये हिशेब केला तर जीप ताशी पन्नास किलोमीटरला संपते. “पन्नास!” मी मामांना म्हणालो. “यवतमाळहून वर्धेला पोचेपर्यंत परीक्षा आटोपेल.” मामांनी आकडे नीट वाचले आणि म्हणाले, “पन्नासच्या वर जाऊन कराचं काय हाये तुले?” या प्रश्नाला माझ्याजवळ सूत्र नव्हतं, म्हणून मी तो अभ्यासक्रमाबाहेरचा ठरवला.

मग मामा रेल्वेवर आले. दारव्ह्याच्या माणसाशी इंजिनावर बोलत असाल तर शकुंतला मध्ये येणारच. यवतमाळ-मूर्तिजापूर ही अडीच फुटी रुळांची गाडी दारव्ह्यावरून जायची. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडवलेलं, ते थेट १९९४ पर्यंत चाललं. मग डिझेल आलं. “सत्तर वर्सं एका इंजिनावर गेली थे. डिझेल लावलं, अन् आता पाह्य, गाडीच बंद,” मामा म्हणाले. डिझेल लागलं म्हणून गाडी बंद पडली नाही, मध्ये रुळांची दुरवस्था आणि बरंच काही आहे, असं मी कार्यकारणभाव वगैरे सांगू लागलो. मामांनी तंबाखू मळायला घेतली. मामांनी तंबाखू मळायला घेतली की तुमचा युक्तिवाद संपलेला असतो.

मिस्त्रीचं मत सगळ्यात कमी शब्दांत होतं. “सर, डीआय टाका. बेल हाउसिंग बसते, गिअरबॉक्स भेटते, वायरिंगची भानगड नाई. पंप-नोझलवाला तं प्रत्येक तालुक्याले बसला हाये.”

यात खोट काढायला जागाच नव्हती आणि तीच माझी अडचण होती. डीआय इंजिन म्हणजे कमांडर, कमांडर म्हणजे काळी-पिवळी. घाटंजीच्या, दिग्रसच्या फाट्यावर सतरा माणसं आणि दोन बकऱ्या घेऊन थांबणाऱ्या गाडीचं काळीज मी माझ्या हाय हूडमध्ये बसवणार? उद्या चौकात उभा राहिलो तर लोक मागच्या बाजूनं चढू लागतील. मिस्त्रीला मी म्हणालो, “जरा वेगळं काही बघू.” तो ‘बरं’ म्हणाला आणि त्यानं त्या दिवशी माझ्या गाडीवरचं काम थांबवून दुसरी गाडी पुढे घेतली. अनुभवी माणूस.

बाकीच्यांचे सल्ले भराभर सांगतो. रसायनशास्त्राच्या सरांनी प्युजोचं नाव घेतलं. २,११२ सीसीचं ते फ्रेंच डिझेल महिंद्रांच्या जीपांमध्ये यायचं, आधी छोट्या कोठीत जाळ पेटवून मग सिलिंडरमध्ये सोडतं, म्हणून आवाज मवाळ. सल्ला चांगला होता, पण सरांचा होता. मेहुण्यानं कॉन्टेसातल्या इसुझूचा आग्रह धरला, कारण तारुण्यात तो एका कॉन्टेसात बसला होता आणि त्या कॉन्टेसात आणखी कोण बसलं होतं ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पुण्यात हिंजवडीला असलेल्या पुतण्यानं व्हिडिओ कॉल केला. त्याचं म्हणणं, जुन्या थारमधलं कॉमन रेल इंजिन घाला, १०५ अश्वशक्ती मिळते. मिस्त्रीनं विचारलं, त्याचा कॉम्प्युटर कोण समजावनार? तेव्हा पुतण्या म्हणाला, मग सरळ इलेक्ट्रिक करा, काका. मिस्त्रीनं फोन माझ्या हातात परत दिला आणि हात पुसले.

जुनं हरिकेनच नीट करून घ्या, असं मात्र कुणी म्हणालं नाही. म्हणजे बायको म्हणाली होती. सिलिंडर बोअर करून, क्रँक घासून, नवे पिस्टन आणि रिंगा घालून ते उभं राहिलं असतं. पण लिटरला सात-आठ किलोमीटर, त्यात पेट्रोल शंभरीपार, आणि मुख्य म्हणजे जे आहे तेच दुरुस्त करण्यात पराक्रम तो काय? सत्तर वर्षं झाली त्या डिझाइनला, असं मी म्हणालो. ती म्हणाली, तुमचा भौतिकशास्त्राचा न्यूटन मग कधीचा?

निर्णय शेवटी टपरीवर झाला. चहा पिता पिता एक अनोळखी इसम, ज्याचा माझ्या आयुष्याशी काडीचा संबंध नाही, सहज म्हणाला, “ट्रॅक्सचं टाका ना सर. मर्सिडीजचं असते थे.”

खोटं नव्हतं ते. ओएम-६१६ हे २.४ लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल मर्सिडीजनं सत्तरच्या दशकात आपल्या २४० डी मोटारीत घातलं होतं. युरोपातल्या टॅक्सीवाल्यांनी त्यावर लाखो किलोमीटर काढले. तेच इंजिन परवान्यावर पुण्याच्या बजाज टेम्पोनं, म्हणजे आताच्या फोर्सनं, बनवलं आणि आपल्या रस्त्यांवर ट्रॅक्स म्हणून आणलं. आता नीट पाहिलं तर यवतमाळात ट्रॅक्सही काळी-पिवळी म्हणूनच धावली. पण ‘मर्सिडीज’ कानावर पडल्यावर मी नीट पाहायचं थांबवलं होतं. स्टाफरूममध्ये मी काय बोलणार, कुठे श्वास घेणार, डस्टर कुठल्या हातात असेल, हे सगळं मला टपरीवरच दिसलं. गुणोत्तराचं गणित मात्र पुन्हा मांडलं नाही. मर्सिडीज ऑटोबानवर धावते. तिला गणित लावणं बरं दिसत नाही.

इंजिन नागपूरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून आणलं. विकणाऱ्यानं ते जमिनीवरच, टायरवर ठेवून, चालू करून दाखवलं. धूर निळसर होता. मी विचारलं तर म्हणाला, ऊन आहे म्हणून तसा दिसतो. मे महिना होता, ऊन खरंच होतं. त्यानं चिठ्ठीवर रक्कम लिहून दिली, इंजिन नंबर लिहिला नाही, आणि मीही तो मागितला नाही, कारण मर्सिडीज घेताना किरकोळ चौकशा करू नयेत. जाताना मी जुनं हरिकेन यवतमाळच्या भंगारवाल्याला किलोच्या भावानं देऊन टाकलं होतं. गॅरेजात जागा अडत होती. भंगारवाला माझा जुना विद्यार्थी निघाला. त्यानं काट्यावर दोनदा वजन करून पैसे दिले, वर ‘सर’ म्हणून वाकून नमस्कार केला. शिक्षकाचं आयुष्य वाया जात नाही, असं वाटलं मला.

आता मिस्त्रीच्या अडचणी सुरू झाल्या. मर्सिडीजच्या इंजिनाची पाठ आणि जीपच्या गिअरबॉक्सचं तोंड यांचे बोल्ट कुठेच जुळत नव्हते. मध्ये जाड लोखंडाची अॅडॉप्टर प्लेट घालावी लागते. तिचं काम दोन्हीकडच्या खोड्या झाकून सोयरीक जमवणाऱ्या मध्यस्थाचं. एका बाजूला इंजिनाची भोकं, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सची, आणि दोघांचा मध्यबिंदू एका रेषेत. हा मध्यबिंदू केसभर जरी चुकला तरी क्रँकशाफ्ट एक अक्ष धरतो, गिअरबॉक्सचा शाफ्ट दुसरा, आणि मध्ये बेअरिंग आणि क्लच भरडले जातात. मी हे बारावीला शिकवत नाही, पण शिकवू शकलो असतो. प्लेट एका लेथवर कापून घेतली. मी स्वतः मापं दिली. घाईत होतो, पट्टी शाळेची होती.

मग कळलं, की इंजिन लांब आहे. पंखा रेडिएटरला लागतोय म्हणून रेडिएटर पुढे सरकवला. एअर क्लीनर बॉनेटला टेकला म्हणून बॉनेटला भोक पाडलं. जगात ज्या एका जीपचं बॉनेट इंजिन मावावं म्हणून मुद्दाम उंच केलं होतं, तिचंच बॉनेट कापणारा मी. शिवाय या इंजिनाचा धुराचा पाइप उजव्या अंगानं खाली उतरतो आणि आपल्या देशात ड्रायव्हर उजवीकडेच बसतो. स्टीअरिंगही तिथेच, ब्रेकही तिथेच. “पाय जरा गरम होईन,” मिस्त्री म्हणाला. यवतमाळच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. मी म्हटलं, सवय आहे. नंतर माझ्या उजव्या चपलेचा तळवा पॅडलवर ठसा ठेवून गेला, पण ते नंतर.

याच सुमारास मिस्त्रीनं मला काहीतरी सांगितलं होतं. वेल्डिंग चालू होतं, आवाज होता, मी फोनवर स्टाफरूमच्या कुणाला तरी ‘ओएम-६१६’ असा आकडा स्पष्ट उच्चारून सांगत होतो. मिस्त्री दोनदा काही बोलला, हातानं खालून पुढे अशी खूण केली. मी अंगठा दाखवला. त्यानं मान डोलावली आणि पाना उचलला. हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

गाडी चालू झाली तेव्हा नारळ फोडला. इंजिनाचा आवाज छान, खर्जातला, जर्मन. ताशी तीस किलोमीटरपर्यंत मी अत्यंत सुखात होतो. पस्तिसाला आरसा थरथरू लागला आणि त्यात मागचं काही दिसेना. चाळिसाला माझे दात एकमेकांवर वाजू लागले. पंचेचाळिसाला मुलगा मागून म्हणाला, “बाबा, मला दोन दोन रस्ते दिसताहेत.” त्यापलीकडे गाडी न्यायची आमच्यात कुणाची हिंमत झाली नाही. मामांच्या ट्रॅक्टर इंजिनाला मी पन्नास दिले होते, हे आठवून मी गप्प राहिलो. बायकोला तो आकडा माझ्याआधी आठवला होता, पण तिचेही दात वाजत होते.

मग पोळा आला. मामांनी दरवर्षीप्रमाणे बोलावलं आणि मी जाहीर केलं, की मर्सिडीजनं जाऊ. पावसानं आठवडाभर उघडीप दिली नव्हती. दारव्हा रोडवर कंप सोसत, पाय भाजत, गावाजवळ आलो. तिथून गावात डांबरी रस्त्यानं जाता येतं, पण मामांच्या वावरातून एक पांदणही जाते. दोन्ही अंगांना पऱ्हाटी, मध्ये काळी माती. ही माती कापसाला उत्तम, कारण ती पाणी धरून ठेवते आणि फुगते. गाडीला ती त्याच कारणासाठी अवघड. टायरच्या खाचा भरून टाकते आणि मग टायर गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरतो. हे मी गाडी पांदणीत घालताना बायकोला आणि मुलाला सविस्तर समजावून सांगितलं. “अशा ठिकाणीच फोर व्हील ड्राइव्हचा कस लागतो,” असंही म्हणालो. “डांबरी रस्ता आहे ना,” बायको म्हणाली. मी दोन्ही दांडे ओढले. खालून खट्‌ वाजलं.

गाडी वीसेक पावलं गेली आणि बसली.

मी अॅक्सिलरेटर दाबला. मागची चाकं गरगरली, चिखल पऱ्हाटीवर उडाला, गाडीचा मागचा भाग हळूहळू खाली चालला. मुलगा खाली उतरून पुढे जाऊन वाकला आणि म्हणाला, “बाबा, पुढची चाकं हलतच नाहीयेत.” मी त्याला सांगितलं, की हा दृष्टिभ्रम आहे, चाकाची घूर्णगती आणि… तो म्हणाला, “त्यावर गोगलगाय बसलीय. तीही हलत नाहीये.”

मिस्त्रीला फोन लावला. पोळ्याचा दिवस, त्याच्याकडेही बैल होते, मागून घुंगरांचा आवाज येत होता. मी परिस्थिती सांगितली. तो क्षणभर थांबला.

“सर, समोरचा शाफ्ट तं काढून ठेवला ना मी.”

“कुठला शाफ्ट?”

“पुढच्या चाकाले जाते थो. जीपमधी थो उजव्या बाजूनं जाते अन् तुमच्या मर्सिडीजचा सायलेन्सर पाइपबी उजव्याच बाजूनं उतरते. दोघं एका जाग्यावर बसत नाईत. म्या इचारलं होतं तुमाले, काय ठेवू, शाफ्ट का पाइप? तुमी अंगठा दाखवला. म्या म्हनलं, पाइप नसन तं सर धुरानं मरतीन. शाफ्ट काढला.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“सांगतलं ना जी. दोनदा.”

दांडा ओढला की खट्‌ वाजत होतं ते खरंच होतं. आतला गिअर जुळत होता. फक्त तिथून पुढे काही जोडलेलंच नव्हतं. माझ्या चार चाकी ओढाची गाडी मर्सिडीजच्या कृपेनं दोन चाकी ओढाची झाली होती, आणि तीही मागच्या दोन. म्हणजे सरांच्या गाडीपेक्षाही मागास. तिची निदान ओढणारी चाकं पुढे होती.

पांदणीत माणसं जमली. एरवी चार बैलांनी गाडी काढली असती, पण पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. तो त्याचा मान आणि सुटीचा दिवस. रंगवलेली शिंगं, अंगावर झूल, पाठीवर बेगड लावलेले बैल आमच्याजवळून तोरणाकडे निघाले होते आणि जाता जाता आमच्याकडे बघत होते. तेव्हा मामा ट्रॅक्टर घेऊन आले. तोच, बी-२७५. मामांनी साखळी लावली, काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्या गिअरमध्ये आम्हाला गावापर्यंत नेलं. बायको आणि मुलगा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसले. मी स्टीअरिंग धरून जीपमध्ये होतो, कारण कुणीतरी बसावं लागतं. वाटेत मामांनी एकदा मागे वळून विचारलं, “किती स्पीड येऊ रायली गा?”

संध्याकाळी तोरणाखाली झडत्या सुरू झाल्या. आमच्याकडे पोळ्याला झडत्या, म्हणजे यमक जुळवलेल्या ओळी, म्हणतात, त्यात गावातल्या कुणाकुणाला चिमटे असतात. सरपंच झाला, सोसायटीचा सचिव झाला, आणि मग कुणीतरी ‘मर्सिडीज’ आणि ‘गरीब चीज’ यांचं यमक जुळवलं. मी टाळ्या वाजवल्या. न वाजवून कसं चालेल, सगळे माझ्याकडेच बघत होते.

खरा पेच पोळ्यानंतर आला. जीपच्या नोंदणीचं नूतनीकरण करायची वेळ आली आणि मी गाडी तपासणीला नेली. अधिकाऱ्यानं कागद पाहिला, बॉनेट उघडलं आणि कागद पुन्हा पाहिला. कागदावर इंधन पेट्रोल, समोर डिझेलचा वास. कागदावर एक इंजिन नंबर, ब्लॉकवर दुसराच. त्यानं न चिडता मला मोटार वाहन कायद्याचं, १९८८च्या, कलम ५२ समजावून सांगितलं. नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं आहे. त्याच प्रकारचं इंजिन, त्याचे रीतसर कागद, आधी परवानगी, अशा वाटेनं गेलं तर गोष्ट वेगळी. “या इंजिनाचं बिल आहे?” त्यानं विचारलं. मी चिठ्ठी दाखवली. त्यानं ती उलटी करून पाहिली. मागे कुणीतरी गायछापचा हिशेब लिहिला होता.

“सर, मूळ इंजिन कुठंय?” तो म्हणाला. “ते बसवा, मग या.”

मी थेट भंगारवाल्याकडे गेलो. बायकोही आली, कारण आता ती मला एकट्याला व्यवहाराला सोडत नाही. हरिकेन तिथेच होतं, शेडच्या आत, गोणपाटावर, पुसून तेल लावलेलं. भंगारवाल्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि किंमत सांगितली. मी विकलं होतं त्याच्या कितीतरी पट होती. मी म्हटलं, अरे, तूच किलोनं घेतलंस ना?

“हो सर. पन तवा थे लोखंड होतं,” तो नम्रपणे म्हणाला. “आता थे इंजिन झालं.”

“असं कसं झालं?”

“मोबाइलवर पाहलं ना मी. विलीजचं हाये, जुनं. मुंबईचे लोक मांगतात.”

पदार्थाच्या अवस्था मी त्याला अकरावीत शिकवल्या होत्या. स्थायू, द्रव, वायू. ही चौथी त्यानं स्वतःची स्वतः शोधली होती. मी काही बोलणार तेवढ्यात बायको पुढे झाली. ती म्हणाली, “भाऊ, आमच्याकडं मर्सिडीजचं इंजिन आहे. चालू आहे. ते तुम्ही घ्या, हे आम्हाला द्या. वर काही मागत नाही.” मला वाटलं, जिंकलो. भंगारवाल्यानं बाहेर येऊन जीपचं बॉनेट उचललं, आत वाकून बराच वेळ बघितलं, नंबर शोधला, चिठ्ठी मागून घेतली, तीही उलटी करून पाहिली.

“ताई,” तो म्हणाला, “ह्याचे कागद नाईत. म्हंजे हे लोखंड हाये.”

शेवटी लोखंडाच्या भावानं मर्सिडीज गेली आणि इंजिनाच्या भावानं हरिकेन आलं, मधला फरक माझ्या पगारातून. कार्बोरेटर त्यानं आधीच वेगळा विकून टाकला होता, तो आता शोधायचा आहे. मिस्त्रीनं सिलिंडर उघडले, क्रँक घासायला पाठवला आणि पुढचा शाफ्ट परत जागेवर बसवताना माझ्या अगदी कानाशी येऊन, सावकाश, तीन वेळा सांगितलं. मी प्रत्येक वेळी तोंडानं ‘हो’ म्हणालो, अंगठा खिशात ठेवला. अॅडॉप्टर प्लेट मामा घेऊन गेले. त्यांच्या कोठ्यात बैल बांधायच्या खुंटीखाली ती अगदी बरोबर बसली म्हणतात.

परवा रात्री पुण्याहून पुतण्याचा फोन आला. म्हणाला, काका, जुन्या गाड्यांसाठी बॅटरीची मान्यताप्राप्त किटं येतात, कायद्यातही त्याची वेगळी वाट आहे, आवाज नाही, धूर नाही, मोटारीचा टॉर्क शून्य फेऱ्यांपासून पूर्ण. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारात उभी राहिली. मी पुतण्याला स्पष्ट सांगितलं, की आता गाडीला हात लावायचा नाही, विषय संपला.

मोटार किती किलोवॅटची, तेवढं फक्त विचारलं.